रॉक ‘त्यांचा’ आणि भीमगीत ‘आमचे’ ही वाटणी आम्हाला मान्य नाही

आपल्या वस्त्यांतल्या पोरापोरींना सध्या एक वेड लागले आहे आणि त्यावर दोन्हीकडून नाके मुरडली जात आहेत. हे वेड आहे लाइव्ह रॉक शोचे आणि नवनव्या बँडचे. कोणी पगारातून पैसे बाजूला काढून महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझाला जातो. कोणी अंबरनाथ-बदलापूरहून लोकल पकडून मुंबईत येतो, कशासाठी? तर चाळीस माणसांसमोर वाजवणाऱ्या आणि अजून एकही अल्बम न काढलेल्या बँडसाठी. शेवटच्या गाडीने घरी परततो आणि दुसऱ्या दिवशी मित्रांना सांगतो, अरे, हा बँड ऐकाच.

यावर चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतात, ही परदेशी थेरं आहेत, यात समाजाचे काय भले? तिकडे शोला जमलेली सवर्ण मंडळी आडनाव ऐकून विचारतात, अरे वा, तूसुद्धा मेटल ऐकतोस? एकाच्या मते पोरगा समाजापासून तुटला आणि दुसऱ्याच्या मते तो चुकीच्या दाराने आत आला. दोघांचे गृहीतक एकच आहे: गिटार त्यांची, ढोलकी आपली. या गृहीतकाशीच आमचे भांडण आहे.

आधी घरच्यांशी बोलू. रॉक परदेशी आहे हे खरे, पण परदेशातल्या कोणाचा? अमेरिकेतल्या गुलामांच्या नातवंडांनी कापसाच्या शेतांत, चर्चमध्ये आणि रस्त्याकडेच्या खोपटांत जे ब्लूज आणि गॉस्पेल गायिले, त्यातून हे संगीत उभे राहिले. सिस्टर रोझेटा थार्प ही काळी बाई चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवत होती, तेव्हा पुढे रॉकचे राजे म्हणून मिरवलेले गोरे गायक शाळकरी पोरे होती. त्या बाईला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली ती 2018 मध्ये, मृत्यूनंतर 45 वर्षांनी. ‘हाउंड डॉग’ हे गाणे 1953 मध्ये बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेच्या आवाजात बाजारात आले आणि गाजले. 1956 मध्ये तेच एल्व्हिस प्रेस्लीने गायिले आणि जगाने ते एल्व्हिसचे गाणे म्हणून लक्षात ठेवले. ज्याने घडवले तो विस्मरणात जातो आणि ज्याच्या हातात बाजार तो मालक होतो. ही गोष्ट ओळखीची वाटत नाही का?

1972 मध्ये आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली तेव्हा नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरूनच घेतले होते. तेव्हा ते परदेशी वाटले नाही. मग काळ्यांचे नाव चालते आणि काळ्यांची गिटार चालत नाही, हा कुठला न्याय? बाबासाहेब कोलंबियात शिकले, लंडनमध्ये शिकले. जगातले जे जे माणसाला मोकळे करते ते उचलायचे, हीच आपली परंपरा आहे. ‘धम्म विंग्ज’सारख्या मुंबईच्या बँडने बुद्ध-भीमाची गाणी रॉकच्या साथीने उभी केली, ती याच परंपरेत.

आता शोच्या दारात उभ्या असलेल्यांशी बोलू. त्यांचा आवडता शब्द आहे ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र. मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय, स्वतःच्या हिमतीवर, स्वतःची गाणी लिहून गावोगाव वाजवत फिरणारा तो इंडी कलाकार. व्याख्या उत्तम आहे. मग आम्ही विचारतो, या व्याख्येत वामनदादा कर्डक बसतात की नाही? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला, शाळेचे तोंड न पाहिलेला, मुंबईत आल्यावर कष्ट करता करता अक्षर ओळखायला शिकलेला हा माणूस हजारो गाणी लिहितो आणि उभा महाराष्ट्र पालथा घालून ती गातो. कंपनी नाही, मॅनेजर नाही, प्रायोजक नाही. आपल्याकडच्या गायन पार्ट्या म्हणजे दुसरे काय होते? एक पेटी, एक ढोलकी, मागे कोरस, आणि समोर रात्रभर न हलणारे लोक. श्रावण यशवंते, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्या काळात कव्वालीचे सामने रंगत, तेव्हा एक पार्टी सवाल टाकी आणि दुसरी तिथल्या तिथे उत्तर बांधी. लाइव्ह म्हणतात ते याला. त्याच्याही आधी, 1930 च्या दशकात, भीमराव कर्डकांचे जलसे गावकुसाबाहेर जाऊन बाबासाहेबांचा विचार पोहोचवत होते. तरीही ‘भारतातल्या स्वतंत्र संगीताचा इतिहास’ लिहायला बसले की या मंडळींची सुरुवात इंग्रजी गाणाऱ्या कॉलेजच्या मुलांपासून होते.

ही केवळ इतिहासाची तक्रार नाही, जागेचीही आहे. परळ-लालबागचे गिरणगाव हे शाहिरांचे घर होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांचे लाल बावटा कलापथक याच कामगारांसमोर गायिले. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, कामगार गेला, चाळी उठल्या. त्याच लोअर परळमध्ये मथुरादास मिलच्या आवारात 2007 मध्ये ‘ब्लू फ्रॉग’ हा क्लब उघडला आणि 2016 पर्यंत तो मुंबईच्या नव्या बँडचे माहेरघर म्हणून मिरवला. तिथे चांगले संगीत झाले, नाकारत नाही. पण ज्या आवारातून कामगाराचे गाणे हद्दपार झाले, तिथेच दारात दर लावून लाइव्ह संगीत परत आले, हे सांगितल्याशिवाय त्या क्लबची गोष्ट पुरी होत नाही.

आता कायदा पाहा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. अपवाद कशाला? सभागृह, कॉन्फरन्स रूम, कम्युनिटी हॉल, बँक्वेट हॉल अशा बंदिस्त जागांना. याशिवाय सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. झोप प्रत्येकाला हवी, आजारी माणूस प्रत्येक वस्तीत असतो, म्हणून नियमाला आमचा विरोध नाही. पण नियमाचा परिणाम कोणावर कसा होतो ते बघा. ज्याच्याकडे चार भिंती आणि वातानुकूलित छत आहे, त्याची रात्र दहानंतरही चालू राहते. ज्याचे सभागृह म्हणजे गल्लीतला मंडप, त्याची रात्र दहाला संपते. रात्रभर चालणारा कव्वालीचा सामना या नियमात बसत नाही, क्लबमधला शो बसतो. खुद्द रॉकवाल्यांनाही हे एकदा भोगावे लागले. धोबी तलावचे रंगभवन, जिथे 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचा आणि हजारो पोरे स्वस्तात उघड्यावर ऐकायची, ते शांतता क्षेत्रात आले आणि बंद पडले. तिथून सवर्ण रॉक क्लबात सरकला, कारण त्याला सरकायला जागा होती. गायन पार्टीला कुठे सरकायचे होते?

इथे हमखास एक आक्षेप येतो. संगीत म्हणजे निखळ आनंद, त्यात जात कशाला आणता? आमचे उत्तर असे की आनंदात जात आम्ही आणली नाही. 2015 च्या मे महिन्यात शिर्डीत एका दलित तरुणाच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली. त्यावरून वाद झाला आणि त्याला निर्दयपणे मारून टाकले. एक रिंगटोन! कोणाला बॅटमॅनचा टी-शर्ट आवडतो, कोणाला मेटालिकाचा, कोणाला भीमगीताची रिंगटोन. यातल्या एकाच आवडीची किंमत जीव देऊन मोजावी लागते. आवडीचे गाणे मोठ्याने ऐकणे हा ज्यांना जन्मतः मिळालेला हक्क वाटतो, त्यांनीच जात कुठून आली हे विचारावे, यात नवल नाही.

आणि बंडखोरीच्या गप्पा? काळा टी-शर्ट, वाढवलेले केस आणि व्यवस्थेविरुद्धचे गाणे यांना तिकडे बंड म्हणतात. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. ते पाहून शाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांनी स्वतःचे आयुष्य संपवले. पुण्याच्या कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना 2020 मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली आणि खटला उभा न राहताच त्यांची वर्षे तुरुंगात गेली. व्यवस्थेविरुद्ध गाण्याचा अर्थ आपल्याकडे असा होतो. रॉक फेस्टिव्हलच्या स्टेजवरून यांच्यासाठी किती वेळा आवाज निघाला, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

‘उगवत्या कलाकारांना आम्ही संधी देतो’ हे वाक्यही तपासून घ्यावे लागते. 2021 मध्ये तमिळ ‘एंजॉय एंजामी’ जगभर गाजले. ते लिहिले आणि धीसोबत गायिले अरिवूने. चहाच्या मळ्यात राबलेल्या, भूमिहीन आजीची कहाणी त्यामागे आहे. त्याच वर्षी ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर या गाण्याच्या यशाचा गौरव झाला, पण त्यावर अरिवूच नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर सवाल केला, गदारोळ झाला, तेव्हा मासिकाने अरिवूचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ काढले. म्हणजे शब्द आमचे, आजी आमची, आणि फोटोसाठी भांडावे लागते.

पण याच तमिळनाडूने वाटही दाखवली आहे. जानेवारी 2018 मध्ये पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांच्या पुढाकाराने ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ चेन्नईत पहिल्यांदा स्टेजवर आला. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतले गाना गायक, रॅपर आणि रॉकवाले वादक असे 19 जण. त्यांनी गिटार त्यांची आणि पराई आपली असे वाटून घेतले नाही. दोन्ही एकाच स्टेजवर ठेवले आणि आरक्षणावर, जातीवर बेधडक गायिले. मग 2020 पासून मार्गळी महिन्यात, म्हणजे चेन्नईच्या सभांमध्ये कर्नाटक संगीताचा हंगाम चालू असतानाच, ‘मार्गळीयिल मक्कळिसै’ हा लोकसंगीताचा महोत्सव सुरू केला. सभेच्या दारात संधी मागत बसण्यापेक्षा स्वतःची सभा भरवली.

यात चाहत्याचे काम काय, असे कोणी विचारेल. चाहता फक्त टाळ्या वाजवायला असतो का? 1976 मध्ये एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून स्थलांतरितांविरुद्ध वंशद्वेषी बडबड केली. तेव्हा ब्रिटनमधल्या काही चाहत्यांनी संगीताच्या साप्ताहिकांना पत्र लिहून त्याला विचारले की तू ज्यावर मोठा झालास ते संगीत अर्धे तरी काळ्यांचे आहे, हे विसरलास का? त्या पत्रातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. 1978 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये क्लॅश आणि स्टील पल्स यांना ऐकायला प्रचंड गर्दी लोटली. गोरा पंक बँड आणि काळा रेगे बँड एका स्टेजवर. कलाकारांच्या आधी चाहते जागे झाले होते.

म्हणून आता आमचे शेवटचे बोलणे आपल्याच जयंती मंडळांशी आहे. वर्गणी वस्तीची, मिरवणूक वस्तीची, आणि पैसा कुठे जातो? डीजेच्या भिंतीच्या भाड्यात. तीच रेकॉर्ड केलेली गाणी, वाढवलेला बास आणि वाजवायला एकही माणूस नाही. वस्तीतला ढोलकीवाला बाजूला उभा राहून बघतो आणि गिटार शिकलेला पोरगा आपल्या जयंतीत ऐकणारे कोणी नाही म्हणून बाहेर स्टेज शोधतो. मग आपणच त्याला म्हणतो, तू समाजापासून तुटलास. तुटला तो, की आपण त्याला स्टेज दिले नाही?

आमचे म्हणणे मोजके आहे. डीजेच्या पैशातला निम्मा वाटा प्रत्येक मंडळाने लाइव्ह वाजवणाऱ्यांना द्यावा. संध्याकाळी सात ते दहा मंडपात दोन कार्यक्रम ठेवावेत: एक जुन्या गायन पार्टीचा आणि एक नव्या पोरांच्या बँडचा, मग तो रॉक असो, रॅप असो की मेटल. ‘समाजासाठी फुकट वाजव’ हे वाक्य बंद करावे. मंडपवाल्याला पैसे देतो तसे वादकालाही द्यावेत. समाजमंदिराचे सभागृह वर्षभर कुलपात न ठेवता आठवड्यातून दोन संध्याकाळी पोरांना सरावासाठी उघडावे. आणि ज्या पोरापोरींना लाइव्ह शोचे वेड आहे त्यांनी ते बिलकुल सोडू नये. महागड्या फेस्टिव्हललाही जावे, तो तुमचा हक्क आहे. फक्त त्याच उत्साहाने आपल्या वस्तीतल्या पहिल्या, चुकतमाकत झालेल्या शोलाही पुढच्या रांगेत उभे राहावे. तिकडे चाळीस माणसांसमोर वाजवणाऱ्या बँडचे कौतुक करता, तर इकडेही चाळीस माणसे जमवा.

विठ्ठल उमप 26 नोव्हेंबर 2010 ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच कोसळून गेले. वयाच्या ऐंशीच्या घरात, स्टेजवर, लोकांसमोर. लाइव्ह संगीत म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. गरज आहे ती ते स्टेज पुढच्या पिढीच्या हाती देण्याची, मग त्या हातात पेटी असो वा इलेक्ट्रिक गिटार.

जय भीम!