रक्तदाबाची गोळी आणि कोरडा खोकला

ज्येष्ठांना महिनोन्‌महिने छळणाऱ्या कोरड्या खोकल्याचे मूळ कधीकधी छातीत नसून औषधांच्या डबीत असते. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल ही रक्तदाबावरील व हृदयविकारावरील उपयुक्त औषधे ‘एसीई’ नावाच्या विकराला रोखतात. हेच विकर शरीरातील ब्रॅडिकायनिन आणि ‘सबस्टन्स पी’ यांचे विघटनही करीत असते.

इजा झालेल्या जागी ब्रॅडिकायनिन रक्तवाहिन्या रुंदावते, सूज आणते आणि वेदनेची जाणीव करून देणारे मज्जातंतू चेतवते. त्याच तंतूंतून स्रवणारे सबस्टन्स पी हे न्यूरोपेप्टाइड त्यास साथ देते. एरवी ही शरीराची संरक्षक यंत्रणा. परंतु विघटन मंदावले, की हे पदार्थ श्वसनमार्गात साचतात, घसा खवखवतो आणि खोकल्याची उबळ येते, असे मानले जाते.

हा खोकला गोळी सुरू केल्यावर काही दिवसांत किंवा काही महिन्यांनीही उद्भवतो. कफ पडत नाही. खोकल्याच्या औषधाने फारसा उतारही पडत नाही. तरीही गोळी स्वतःहून बंद करू नये. डॉक्टरांना सर्व औषधे दाखवावीत. ते टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखा पर्याय देऊ शकतात. त्यानंतर खोकला बहुधा १ ते ४ आठवड्यांत ओसरतो. न ओसरल्यास अन्य कारण शोधावे लागते.

एक अपवाद मात्र घरातील प्रत्येकाने लक्षात ठेवावा. ओठ, जीभ वा चेहरा अचानक सुजला, तर पुढची गोळी न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. अशी सूज क्वचितच येते. परंतु गोळी वर्षानुवर्षे सोसली असली तरी येऊ शकते, आणि श्वास कोंडू शकतो.