सेलवाचून चालणारा कॅमेरा
पाठपिशवी / वाटसरू

फिल्म कॅमेऱ्याची हौस परत आली आणि सोबत भावही चढले. मुक्ताईनगर, रावेर, यावलची पोरं पावसाळ्यात सॅक पाठीला लावून पाल, मनुदेवी किंवा अजिंठ्याचे डोंगर गाठतात. त्यांतल्या एखाद्याला हटकून वाटतं, की या खेपेला मोबाईल खिशातच राहू द्यावा आणि फोटो रोलवर काढावेत. मग शोध सुरू होतो, तो बहुतेकदा निकॉन एफएम २ पासून. कॅमेरा नामी, यात शंका नाही. एक चार हजारांश सेकंदापर्यंत जाणारं त्याचं शटर सेलशिवाय चालतं. पण सातपुड्याच्या पायवाटेवर तो वेग लागतो कुणाला? नावापायी जादा मोजलेल्या पैशांत कितीतरी रोल येतात.

खरा खर्च रोलचाच आहे. ३६ फोटोंचा रंगीत रोल, त्याची धुलाई आणि स्कॅन यांचा आकडा आज सहज हजारावर जातो. त्यातून धुलाईसाठी रोल मुंबई-पुण्याला कुरिअरने पाठवायचा. म्हणून हातात असलेल्या रकमेतला निम्मा भाग रोलसाठी बाजूला काढावा आणि उरलेल्यात कॅमेरा बसवावा. बहुतेकजण नेमकं उलटं करतात, आणि महागाचा कॅमेरा दोन रोलांनंतर कपाटात जातो.

दुसरा फसवा भाग म्हणजे ‘जुना तो मेकॅनिकल’ हा समज. १९७६ चा कॅनन एई-१ दिसायला दणकट, पण त्याचा सहा व्होल्टचा सेल संपला की शटरच पडत नाही. याशिका इलेक्ट्रो ३५ सेल संपल्यावरही फोटो काढतो, पण एकाच, एक पाचशेअंश सेकंदाच्या वेगाने. सातपुड्यातल्या पाड्यावर हे खास सेल मिळणार नाहीत. पेंटॅक्स के१००० ची गोष्ट वेगळी. १९७६ ते १९९७ एवढा काळ बनलेल्या या कॅमेऱ्यात सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्याला. तो काटा बंद करायचं बटणच नाही. लेन्सवर झाकण घातलं की सेल वाचतो.

वजनाचं भान मात्र ठेवावं. रशियन झेनिट-ई स्वस्त, काटक आणि सेलशिवाय चालणारा. पण लेन्ससह किलोभर भरतो. अजिंठ्याची छायाचित्रं काढणारा मेजर रॉबर्ट गिल काचेच्या प्लेटांच्या जमान्यातला. त्याच्या छायाचित्रांची पुस्तकं १८६४ मध्ये लंडनला निघाली आणि त्याची कबर इथे जवळच, भुसावळला आहे. त्याला वजनदार सामानावाचून इलाज नव्हता. आजच्या भटक्याला आहे.

त्या इलाजाचं नाव ऑलिंपस ट्रिप ३५. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेला आणि १९८४ पर्यंत बनत राहिलेला हा कॅमेरा जेमतेम चारशे ग्रॅमचा. लेन्सभोवतीच्या खडबडीत काचेमागे सेलेनियमचं कडं असतं. प्रकाश पडला की तेच वीज तयार करतं आणि त्यावर लेन्सची उघडीप (अ‍ॅपर्चर) ठरते. शटरचे वेग दोनच. अंतरासाठी माणूस, माणसं, डोंगर अशी चित्रं. घेताना पारख सोपी आहे: लेन्सवरचं फिरतं कडं ‘ए’वर ठेवून लेन्स तळहाताने झाकावी आणि बटण दाबावं. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर आली आणि बटण अडलं तर यंत्र शाबूत. मग उन्हाकडे रोखून दाबावं. तिथेही लाल पट्टी आली तर सेलेनियम गेलं समजावं, आणि दुकानदाराला नमस्कार करून निघावं.

के१००० किंवा झेनिट बघताना मागचं झाकण उघडून प्रत्येक वेगावर शटर पाडून बघावं. के१००० चा एक सेकंद खरंच एक सेकंद वाटला पाहिजे. सावकाश वेगच आधी अडखळतात. झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर घाबरू नये, तो बदलता येतो. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर मात्र सोडून द्यावं. दमट किनाऱ्यावरून आलेल्या मालात ती जास्त. खानदेशच्या कोरड्या हवेत राहिलेली लेन्स त्या मानाने बरी निघते. म्हणूनच मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार गाठण्याआधी जळगाव-भुसावळच्या जुन्या स्टुडिओंत डोकवावं. ‘भाऊ, लग्नाच्या रोलवाला एखादा पडलाय का?’ एवढं विचारायला पैसे पडत नाहीत.

उन्हाचा मात्र इथे दुहेरी जाच आहे. रंगीत रोल धुण्याचं रसायन ३७.८ अंशांवर ठेवतात. मे महिन्यात भुसावळचा पारा त्याच्या कितीतरी वर, ४५ च्या आसपास असतो. कृष्णधवल रोल घरी धुवायचा तर २० अंशांचं पाणी हवं, म्हणजे बर्फ आणावा लागतो. रोल उभ्या गाडीत ठेवू नये, सॅकच्या मधोमध कपड्यांत गुंडाळावा आणि परतल्यावर लवकर धुवायला पाठवावा.

या उन्हाचा एक फायदाही आहे. लख्ख उन्हात एफ १६ आणि रोलच्या आयएसओएवढा शटरचा वेग, म्हणजे २०० च्या रोलला एक दोनशे-पन्नासांश, हा जुना नियम इथे आठ महिने चालतो. काटा मेलेला के१००० त्यामुळे निम्म्या भावात पडत असेल तर खुशाल घ्यावा. पहिला रोल घराजवळच, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवच्या मंदिरापाशी संपवावा. प्रत्येक फोटोचा वेग आणि उघडीप वहीत मांडावी. कॅमेऱ्यातली खोट सातपुड्यात कळण्यापेक्षा तिथे कळलेली स्वस्त पडते, आणि दुकानदाराकडे परत जायलाही वेळ असतो.