आईची गुळिगी आणि भाच्याची हत्यारपेटी

घरातल्या इंजिनिअर मुलांच्या तोंडी ‘एसडीके’ हा शब्द सारखा येतो. सुताराची जशी हत्यारपेटी, तशी ही अॅप बनवणाऱ्याची. अँड्रॉइडची पेटी फुकट मिळते आणि घरच्या संगणकावर मांडता येते. तिथे काही बिघडले तरी कुणाचे नुकसान नाही. मोडावे आणि पुन्हा जोडावे.

माझा भाचा भोपाळला, भेलच्या परिसरातल्या इंद्रपुरीत खोली घेऊन शिकतो. त्याची अज्जी, म्हणजे माझी आई, आमच्याकडे असते. तिची रक्तदाबाची गोळी चुकते. म्हणून आठवण देणारे अॅप करायचे त्याने मनावर घेतले.

त्याने सांगितलेली रीत अशी. आधी ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ उतरवून घ्यायचा. पहिल्यांदा सुरू केला की एसडीके तोच आणतो. लागणारी जावाही त्यातच असते. उतरवायचे सामान काही जीबी भरते, तेव्हा घाई नको. पडद्यावरचा नकली फोन, म्हणजे इम्युलेटर, चालवायला १६ जीबी रॅम हवी. तेवढी नसेल तर खरा फोन वायरने जोडावा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर ७ वेळा बोट टेकवले की डेव्हलपरचे पर्याय उघडतात, त्यातले ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करावे. वायर मात्र नुसती चार्जिंगची नको, माहिती नेणारी हवी.

आता आपल्या घरांच्या कामाची गोष्ट. अॅपमधली वाक्ये भाषेप्रमाणे वेगळ्या कप्प्यांत ठेवता येतात. मराठीच्या कप्प्याची खूण ‘एमआर’, कन्नडची ‘केएन’. फोनची भाषा पाहून अॅप आपणच कप्पा निवडते. या दोन्ही भाषा अँड्रॉइडमध्ये एकदमच आल्या, २०१४ च्या ५.० आवृत्तीत. २०१६ च्या ७.० पासून फोनमध्ये भाषांचा क्रमही लावता येतो : आधी कन्नड, नाही तर मराठी.

आईची शाळा कन्नड. ती दोन्ही बोलते, वाचते कन्नडच. सौ.ची शाळा मराठी. अॅप एकच, पण आईच्या फोनवर ते कन्नड दिसते, सौ.च्या फोनवर मराठी.

पेटी मांडायला भाच्याला एक संध्याकाळ पुरली. अडले ते एका शब्दाशी. गोळीला पुस्तकी कन्नडमध्ये ‘मात्रे’. आईला तो कळतो, पण तिच्या तोंडी ‘गुळिगी’. शेवटी त्याने तिलाच फोन लावला. आता आठ वाजता तिच्या पडद्यावर येते, ‘अज्जी, गुळिगी तगोरी.’ नातवाने हाक मारली म्हणून ती उठते.

हत्यारे इंटरनेटवरून उतरतात, घरचे शब्द तिथे मिळत नाहीत. तुमच्याकडचे पोरगे अशी पेटी मांडत असेल, तर थोरांशेजारी बसून आधी वीस वाक्ये दोन्ही भाषांत लिहून घ्यायला सांगा.