पिशवी काढण्याचा दर

बीडच्या ऊसतोड बायका 'गर्भाशय' म्हणत नाहीत. 'पिशवी काढली' म्हणतात. २०१९ साली हा विषय विधिमंडळात गाजला. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ पिशव्या काढल्या, अशी माहिती तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी दिली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहा जणींमागे एक.

आपण मुकादमाला आणि लोभी डॉक्टरला शिव्या घातल्या. उचल, खाड्याचा दंड, पाळीतही न मिळणारी सुट्टी, हे सगळं खरंच आहे. पण डॉक्टरला पैसे नेमके कशाचे मिळतात, हे कुणी विचारलं नाही.

बाई सांगते, अंगावरून पांढरं जातंय. तिला तपासून, गोळ्या देऊन, महिन्याने परत बोलावलं तर डॉक्टरला मिळते तपासणीची फी. पिशवी काढली तर मिळतं ऑपरेशनचं बिल. इमानदार डॉक्टरचाही दवाखाना फक्त तपासणी फीवर चालणं अवघड. शिवाय बाईला दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जायचंय, ती महिन्याने येणार कुठून?

यावर लगेच उत्तर येतं, 'गरिबांना विमा द्या.' अनेकींनी ऑपरेशनसाठी कर्ज काढलं, हे खरं. विम्याने ते कर्ज वाचेल. पिशवी वाचेलच असं नाही. २००८ साली आलेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचं संरक्षण होतं. बिहार आणि छत्तीसगडमध्ये याच योजनेच्या आडून गरज नसताना पिशव्या काढल्याचे आरोप झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, निकाल २०२३ मध्ये लागला. आज महात्मा फुले जन आरोग्य योजनाही पैसे मोजते ते मुख्यतः भरती आणि ऑपरेशनच्या ठरलेल्या पॅकेजचे. ऑपरेशन टाळणाऱ्या डॉक्टरसाठी त्यात पॅकेज नाही.

'बायकाच पिशवी काढा म्हणतात,' असं सांगणारे भेटतील. म्हणत असतीलही. खाडा परवडत नाही आणि कॅन्सरची भीती घातलेली, अशा बाईच्या होकाराला निवड म्हणायचं का?

मग करायचं काय? गावातल्या प्रत्येक बाईमागे दवाखान्याला वर्षाची ठरावीक रक्कम द्या, तपासणी आणि औषधं त्यातच. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांना मुख्यतः असेच पैसे मिळतात. यातही खोट आहे: पैसे आधीच मिळाले की पेशंटला टाळण्याचा मोह होतो. म्हणून उपचार मिळाले का, हे दरवर्षी बायकांनाच विचारा. चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत सक्तीचं करा, त्याची फी सरकारने भरावी. कोणत्या रुग्णालयाने किती पिशव्या काढल्या, हा आकडा दर महिन्याला जाहीर करा.

पिशवी काढण्याचा दर सरकारी कागदावर छापलेला असतो. ती वाचवण्याचाही दर त्याच कागदावर छापा.