अपडेटमधला साका

हापूस घेताना रत्नागिरीकर पेटीच्या वरच्या थराला कधीच भुलत नाही. वरचे आंबे सगळेच गोरेगोमटे! तो हात घालतो थेट खालच्या थरात. तरीही एक धास्ती उरतेच, ती साक्याची. बाहेरून फळ केशरी-पिवळं, वास फर्स्ट क्लास आणि कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा आंबूस गर. सुरी लागल्याशिवाय कळतच नाही.

माझी नोकरी याच प्रकारातली आहे म्हटलं तर हसाल. फक्त मी आंबे नाही, कोड कापून बघते. कंपनी पुण्यात, लॅपटॉप रत्नागिरीत. काम काय, तर एका पेमेंट लायब्ररीचे अपडेट तपासणं.

आता ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे बरं का! तुम्ही ऑनलाइन काही घेता तेव्हा दुकानाचं अ‍ॅप पेमेंट कंपनीशी बोलतं. त्या बोलण्याचे नियम म्हणजे एपीआय. ते नियम प्रोग्रामरला जावा, पायथन, पीएचपी अशा आपापल्या भाषेत वापरता यावेत म्हणून दिलेला तयार कोड म्हणजे लायब्ररी. नियम बदलला की प्रत्येक भाषेतला कोड बदलायचा. ही हमाली आता मशीन करतं. नियमांची एक फाइल असते, तिला म्हणतात स्पेक. ती मशीनला दिली की सगळ्या भाषांतला कोड भराभर तयार. स्ट्राइपसारख्या बड्या कंपनीच्या लायब्रऱ्यांत तर फाइलच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं, की ही स्पेकवरून तयार झाली आहे.

मग सकाळी चहाबरोबर बॉटचा निरोप येतो. तीनशे फाइल बदलल्या, टेस्ट सगळ्या हिरव्या, अप्रूव्ह करा. खरं सांगा, तीनशे फाइल कोण वाचतं? 'एलजीटीएम', म्हणजे 'लुक्स गुड टू मी', एवढी चार अक्षरं टाइप केली की काम संपलं. आणि टेस्ट हिरव्या असण्याचं कौतुक किती करायचं? त्याही त्याच स्पेकवरून बनल्या असतील तर हिरव्याच असणार. ज्याने पेपर काढला, त्यानेच सोडवला आणि त्यानेच तपासला!

आता गंमत बघा. पेमेंटच्या दुनियेत रक्कम बहुतेक वेळा पैशांत लिहितात. रेझरपेला १,२०० रुपये सांगायचे तर १२०००० लिहायचं. समजा, एखाद्या अपडेटमध्ये हा आकडा 'संख्या' न राहता 'अक्षरं' झाला. मग जावास्क्रिप्टमध्ये १२०००० अधिक कुरिअरचे ५००० म्हणजे १२५००० होत नाहीत. दोन्ही शेजारी चिकटून १२००००५००० होतात. एक डझन हापूस, एक कोटी वीस लाख पन्नास रुपये फक्त!

पण असली चूक धोक्याची नसतेच. ती बोंबलत येते, बँकच तिला दारात अडवते. भीती वाटते ती गुपचूप येणारीची. मध्यंतरी आमच्या एका अपडेटमध्ये तीनशे फाइलींत एका यादीत एकच शब्द वाढला होता. पेमेंट 'झालं' आणि 'फसलं' यांच्या मध्ये तिसरी अवस्था, 'चालू आहे'. मशीनचं काहीच चुकलं नव्हतं, स्पेकमध्ये होतं तेच त्याने लिहिलं. पण शेजारी माणसाने लिहिलेला जुना कोड होता. तो म्हणत होता, 'फसलं' नसेल तर 'झालं' समजा. यूपीआय २०१६ मध्ये आलं, तेव्हापासून 'पेंडिंग' बघत चहावाल्यासमोर उभं राहणं आपण सगळ्यांनीच केलंय. आमचा कोड त्या चहावाल्याला सांगणार होता, पैसे मिळाले, जाऊ द्या त्यांना.

मी अपडेट दोन दिवस अडवला. शुक्रवार होता. ''अगं, बॉटनेच लिहिलंय, त्यात काय बघायचंय?'' इति बॉस. अप्रेझलमध्ये 'स्लो' हा शेरा मिळाला, तो वेगळाच.

तेव्हा डोळ्यांसमोर आमच्या ओळखीचे एक बागायतदार काका होते. ते ऑनलाइन विकतात, स्क्रीनवर 'पेड' दिसलं की पेटी रवाना. एकदा म्हणाले होते, ''पेटी एकदा गाडीत चढली की गेली गो बाय. आंबा काय रिफंड होतो?''

म्हणून माझी पद्धत सांगते. मशीनने लिहिलेल्या तीनशे फाइल मी वाचतच नाही. स्पेकमध्ये काय बदललं ते वाचते, ते बऱ्याचदा पानभरच असतं. मग पैशांच्या जागा बघते. रकमेचा प्रकार बदलला का? यादीत नवा शब्द आला का? एखादी माहिती जागेवरून हलली का? स्ट्राइपने मार्च २०२५ मध्ये सबस्क्रिप्शनची मुदत संपण्याची तारीख एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवली होती. जुन्या जागी शोधणाऱ्याला ती सापडणारच नाही. नेट गेलं आणि मागणी पुन्हा पाठवली, तर पैसे दोनदा कापले जाणार नाहीत ना? आणि सगळ्यात शेवटी, हा अपडेट नक्की आपल्याच माणसांकडून आलाय ना? सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक, डीबग अशा जगभर वापरल्या जाणाऱ्या लायब्रऱ्यांत चोरांनी क्रिप्टोचे पैसे वळवणारा कोड घुसवला होता. आला तो साध्या अपडेटच्याच वेषात!

तुम्ही कोड लिहीत नसाल, तरी हे तुमच्याही टेबलावर येणारच आहे. मशीनने केलेला रिपोर्ट, मशीनने लिहिलेली मेल, मशीनने भरलेली एक्सेल शीट. सगळं छान, सगळं हिरवं. फक्त खाली सही करायची जागा रिकामी असते आणि तिथे नाव तुमचं लागतं. बॉटला अप्रेझल नसतं, मंडळी. सही करण्याआधी दहा मिनिटं घ्या आणि कुणी 'स्लो' म्हणालं तर खुशाल म्हणू द्या.