लेकरं काय, मांडीवर बसतीन!

दिवाळीच्या ताटात चिवडा, शंकरपाळे आणि अनारसे यांच्या जोडीला आमच्या घरी दरवर्षी आणखी एक पदार्थ वाढला जातो. तो म्हणजे बेत. लक्ष्मीपूजन आटोपते, भाऊबीजेसाठी माहेरवाशीण लेकरांसह दाखल होते, शाळांना सुट्टी असते, आणि मग वाशीमच्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर सतरंजी पसरून 'यंदा कुठे जायचे?' या विषयाला तोंड फुटते. हा पदार्थ खायला कुरकुरीत असतो. पचायला मात्र जड.

यंदाचा बेत पुतण्याने मांडला. दिवस चार, मोटार एक आणि स्थळे नऊ! शिर्डी, शनिशिंगणापूर, दौलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा, अजिंठा, सिंदखेड राजा आणि लोणार. मंडळी किती? पुतण्या, सूनबाई, माहेरी आलेली पुतणी, मी आणि माझी पत्नी अशी पाच मोठी माणसे. आणि पंधरा, अकरा, सात व तीन वर्षांची चार मुले. मोटारीत जागा सात. मी सारी हयात मास्तरकीत घालवलेली असल्यामुळे पाच आणि चार यांची बेरीज अजूनही नऊच करतो. तसे मी बोललो. त्यावर पुतण्या हसून म्हणाला, "काका, तुमी कायले इतका विचार करता? लेकरं काय, मांडीवर बसतीन!"

या एका वाक्याशी माझे भांडण आहे, आणि ते मी ऐन सणात उघडपणे मांडणार आहे. वाचकांनी रागावू नये. हे वाक्य एकट्या माझ्या पुतण्याचे नाही. ते तुमच्याही ओसरीवर उच्चारले गेले असेल. कदाचित हा अंक हाती घेण्यापूर्वी तासाभराच्या आतच!

खरे म्हणजे हे वाक्य जन्माला आले तेव्हा फार शहाणे होते. आमच्या लहानपणी आत्याच्या गावी जायचे ते बैलगाडीने. बैल तासाला कोसभर वाट तोडत. चाक खड्ड्यात गेले, तर लेकराला सावरायला आईचा एक हात पुरे होई. त्या वेगाला मांडीसारखे सुरक्षित आसन दुसरे नव्हते. पुढे एस.टी. आली. तिने पाच वर्षांखालच्या मुलाला फुकट नेले आणि बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट लावले. ही सवलत खिशाची होती. आम्ही मात्र तिचा अर्थ असा लावला की, ज्याचे तिकीट अर्धे तो माणूसही अर्धा, आणि ज्याला तिकीटच नाही तो माणूस नव्हेच, सामान! बैलगाडी गेली, वेग वीसपट-तीसपट झाला. मांडी मात्र होती तीच राहिली.

आता थोडे गणित. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली मोटार कशावर तरी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलो वजनाचे मूल धरून ठेवायला जवळजवळ १४० किलोचा जोर लागतो. म्हणजे आपल्या बाजार समितीतली सोयाबीनची दोन भरलेली पोती अचानक छातीवरून सुटावीत आणि ती नुसत्या हातांनी थोपवावीत, तसे. वेग १०० असेल तर हा जोरही दुप्पट. आईचे प्रेम अपार असते हे मला मान्य आहे. पण तिच्या मनगटांना मर्यादा असतात. पुढच्या आसनावर मांडीवर बसलेल्या मुलाची अवस्था तर त्याहून वाईट. समोरून उघडणारी एअरबॅग मोठ्या माणसाच्या छातीसाठी केलेली असते. तिच्या आणि आपल्यामध्ये आपण आपले मूल ठेवतो आणि त्याला लाड म्हणतो!

कायद्याने हे ओळखले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली सुधारणा झाली. तिच्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला सुरक्षापट्टा किंवा बालआसन न लावता मोटार चालवली, तर एक हजार रुपये दंड आहे. पण आपण पट्टा लावतो तो पोलिसासाठी. पोलिस दिसला की लावायचा आणि चौक ओलांडला की सोडायचा. जणू अपघात व्हायचा तो चौकातच, आणि तोही पोलिसाच्या साक्षीने!

एवढा त्रागा मी का करतो, असे कोणी विचारील. त्यासाठी मला माझाच एक अपराध सांगावा लागेल. वाशीम त्या काळी अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. १९९८ च्या १ जुलैला आपला स्वतंत्र जिल्हा झाला, त्याच्या बरीच वर्षे आधीची ही गोष्ट. एका लग्नाहून आम्ही भाड्याच्या मोटारीतून मालेगावकडून घरी परतत होतो. माणसे मावत नव्हती. मी पुढे बसलो आणि भावाच्या चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेतले. वाक्य तेच होते, आणि ते म्हणणारा मी होतो. दिवेलागणीच्या सुमारास दिवा नसलेली एक बैलगाडी समोर आली. चालकाने करकचून ब्रेक लावला. वेग फार नव्हता, गाडी उलटली नाही, कोणाला खरचटलेसुद्धा नाही. फक्त माझ्या दोन्ही हातांतून ते पोर असे निसटले, जसा ओला साबण निसटतो. त्याच्या कपाळाला सात टाके पडले. घरी आल्यावर सगळे म्हणाले, देवाची कृपा, थोडक्यात निभावले. मला कोणी एका शब्दाने दोष दिला नाही. तो दिला असता तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

त्या पोराच्या डाव्या भुवईच्या वर तो व्रण आजही आहे. आणि यंदा ओसरीवर "लेकरं काय, मांडीवर बसतीन!" असे हसत म्हणाला तो पुतण्या तोच!

त्याने आणखी एक वाक्य टाकले. "रातचं निघू, समृद्धी धरू, लेकरं झोपून जातीन, फाटे फाटे शिर्डी!" समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ ला तो नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा उघडून ७०१ किलोमीटरचा पुरा झाला. रस्ता चांगला आहे. माझे भांडण रस्त्याशी नाही. मोटारीला तेथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. पण ना वळण, ना चौक, ना वाटेत गाव. डोळ्याला काम उरत नाही, आणि काम नसलेला डोळा मिटू लागतो. रात्री दोन ते पाच ही तर माणसाचे शरीर झोप मागते ती वेळ. लेकरे झोपतील हे खरे. पण चालवणाराही कोणाचे तरी लेकरूच आहे, हे आपण विसरतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ याच मार्गावर एका खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि पंचवीस माणसे गेली. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली ही गोष्ट. ती आठवून तरी कुटुंबातल्या माणसाने दिवसभर फराळ, पाहुणे आणि धावपळ करून रात्री चाकावर बसू नये.

"मग काय घरी बसायचं?" पुतणीने विचारले. मुळीच नाही. प्रवास जरूर करावा. फक्त त्याचा आराखडा मोटारीच्या वेगाने न आखता घरातल्या सर्वांत धाकट्या पावलाने आखावा. आपण नेमके उलट करतो. मोठी माणसे स्थळे मोजतात आणि मुलांना त्या मोजणीत कोंबतात. तीन वर्षांच्या मुलीला नऊ स्थळे नको असतात. तिला दर दीड-दोन तासांनी उतरून चार उड्या मारायच्या असतात, एखादे वासरू पाहायचे असते. सात वर्षांच्याला गाडी लागते. त्याला पुस्तकात किंवा मोबाइलात डोके घालू न देता लांबवर बाहेर पाहायला लावावे आणि निघताना तेलकट चिवड्याऐवजी हलके काही द्यावे. अकरा वर्षांचा प्रश्न विचारतो, आणि 'गप बस' हे काही त्याचे उत्तर नव्हे. आणि पंधरा वर्षांची? ती तोंड फुगवून बसते. सारे म्हणतात, या वयात असेच असते. मी तिला विचारले, तर ती म्हणाली, "आजोबा, मला कोणी विचारलंच नाही."

म्हणून मी तिलाच विचारले. नकाशा, वही आणि खर्चाचा हिशेब तिच्या हाती दिला. अर्ध्या तासात तिने असे काही सांगितले की, तिचा मामा गप्प झाला. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी; आणि त्याच्या बेतात अजिंठा नेमका सोमवारी होता! नऊ माणसे शंभर किलोमीटर जाऊन बंद दारासमोर उभी राहिली असती.

तिने केलेला बेत असा. पहिल्या दिवशी सकाळी उजाडल्यावर निघून रिसोडमार्गे लोणार, आणि तेथेच मुक्काम. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर, अशनी आदळून काळ्या बेसॉल्ट खडकात झालेले. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी एकाएकी गुलाबी का झाले, याचे उत्तर अकरा वर्षांच्याने शोधून सर्वांना सांगायचे. खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. दुसऱ्या दिवशी सिंदखेड राजाला जिजाऊंचे जन्मस्थान पाहून जालन्यावरून छत्रपती संभाजीनगर. तिसरा दिवस केवळ वेरूळ. त्यातही कैलास लेणे निवांत पाहायचे, कारण कळसापासून पायाकडे खोदत आणलेले देऊळ सात वर्षांच्या मुलालाही थक्क करते. चौथा दिवस अजिंठ्याला. पाचव्या दिवशी बुलढाणा, चिखली, मेहकर करीत घरी. नऊ स्थळांची चार झाली, चार दिवसांचे पाच झाले, रात्रीचा प्रवास शून्य.

आणि अजिंठ्यात काय पाहायचे? सोळाव्या लेण्यातला शिलालेख. ते लेणे कोरवून घेतले वराहदेवाने. तो पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. आणि हरिषेणाच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजेच आपले वाशीम! ज्या गावाला बाहेरचे लोक 'कुठेशी आले हो?' असे विचारतात, त्या गावच्या राज्याच्या मंत्र्याचे नाव जगप्रसिद्ध लेण्यात कोरलेले आहे, हे मुलांना तेथे उभे करून सांगावे. नऊ ठिकाणी काढलेली नव्वद छायाचित्रे विसरली जातील. हे विसरले जाणार नाही.

आता खर्चाचा आक्षेप. तो खोटा नाही. दुसरी मोटार सर्वांना परवडत नाही आणि बालआसनालाही पैसे पडतात. पण ज्या घरात दिवाळीला नवा मोबाइल येतो, त्या घराने हा आक्षेप घेऊ नये. आणि ज्या घरात खरोखरच पैसा नाही, त्याने लांब जाण्याचा अट्टहास सोडावा. चार दिवसांचा प्रवास म्हणजे चारशे कोस नव्हे. एक दिवस शिरपूरचा अंतरिक्ष पार्श्वनाथ, एक दिवस नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान असलेले कारंजा, एक दिवस पोहरादेवी. रोज रात्री आपल्या अंथरुणावर. पोहरादेवीला २०२४ साली बंजारा समाजाच्या वारशाचे मोठे संग्रहालय झाले आहे. ते मुलांना जरूर दाखवावे. बैलांवर धान्य आणि मीठ लादून बायकामुलांसह मुलूखभर हिंडणारे ते तांडे! म्हातारी माणसे, तान्ही मुले, सारा संसार बरोबर घेऊन प्रवास कसा करावा, हे आपल्याला शिकवायचा अधिकार कोणाला असेल तर त्यांना. बैलाला आणि लेकराला झेपेल तेवढीच त्यांची मजल. आपण मात्र एका दिवसात मुलूख पालथा घालतो आणि संध्याकाळी मुलावरच डाफरतो की, तू फार रडतोस!

राहिला प्रश्न सात जागांचा. पुतण्या, सून, पुतणी आणि चार मुले यांचे बरोबर सात होतात. तीन वर्षांच्या धाकटीला मागच्या बाजूला घट्ट बांधलेले बालआसन. सात वर्षांच्याला उंची देणारी बैठक, म्हणजे पट्टा मानेवर आणि पोटावर न येता खांद्यावरून व कमरेवरून जाईल. साधारण साडेचार फूट उंचीपर्यंत मुलाला अशी बैठक हवीच. आम्ही दोघे म्हातारे एस.टी.ने मागाहून येऊन मुक्कामावर त्यांना गाठणार.

पुतण्याने हे ऐकले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग कपाळावरचा तो व्रण उगाच खाजवीत म्हणाला, "पाहू, काका." हा होकार की नकार, हे मला अजून कळलेले नाही. म्हणूनच हा लेख लिहिला. तो अंक वाचतो.

माझे म्हणाल तर पंचाहत्तरी उलटल्यामुळे २०२२ पासूनच्या सवलतीने मला एस.टी.चे तिकीट फुकट आहे, आणि पत्नीला २०२३ पासून अर्धे. म्हणजे उतारवयात आम्ही पुन्हा लेकरांच्या रांगेत जाऊन बसलो आहोत. पण एक फरक आहे. गाडीत कितीही गर्दी असो, अजून एकाही कंडक्टरने मला "तुमी काय, कोनाच्याबी मांडीवर बसा!" असे म्हटलेले नाही.