जुना कॉम्प्युटर देऊन टाकण्यापूर्वी



अल रीम आयलंडवर राहणाऱ्या आपल्या मंडळींना घरभाड्याचा करार संपत आला की आवराआवर काही चुकत नाही. लिफ्टच्या फेऱ्या सुरू होतात आणि कपाटामागचा जुना कॉम्प्युटर ‘आता हा कशाला?’ म्हणून कुणाला तरी दिला जातो. आम्ही म्हणतो, द्या खुशाल; पण आधी त्याच्या हार्ड डिस्कचा अख्खा ठसा, म्हणजे डिस्क इमेज, काढून ठेवा.

‘फायली कॉपी केल्यात की!’ असं कुणी म्हणेल. तिथंच तर गोम आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालीच आली, पण घरच्या कॉम्प्युटरवर ती रुळली विंडोज २००० आणि एक्सपीनंतर. त्याआधीचं आपलं बरंचसं मराठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम किंवा आकृती यांच्या फॉन्टमध्ये आहे, आणि प्रत्येकाचे संकेत निराळे. फाईलमध्ये असतात नुसते आकडे. त्यांचा ‘क’ होतो तो फॉन्टमुळे. फॉन्ट मागे राहिला की आजोबांच्या आठवणी, मुंजीची पत्रिका, गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचा मजकूर, सगळ्याचा इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला! फाईल शाबूत, मराठी गायब.

इमेजमध्ये विंडोज, फॉन्ट, सॉफ्टवेअर, फायली सगळं जसंच्या तसं येतं. भांडी एकेक न बांधता मांडणीसकट स्वयंपाकघर उचलावं तसं. १९९०च्या दशकात न्यूझीलंडच्या बायनरी रिसर्चनं ‘घोस्ट’ हा प्रोग्रॅम काढला, त्यानं ही पद्धत घरोघरी नेली. १९९८ साली तो सिमँटेककडे गेला. नॉर्टन घोस्टची विक्री २०१३ साली थांबली. आज तैवानमध्ये तयार झालेला ‘क्लोनझिला’ फुकट मिळतो आणि काम चोख करतो.

पेन ड्राईव्हवर क्लोनझिला घालून कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू करायचा, म्हणजे आतली डिस्क वापरात नसते. फार जुनी यंत्रं पेन ड्राईव्हवरून उठत नाहीत; तेव्हा डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरनं लॅपटॉपला जोडावी. इमेज साठवायला वेगळी बाहेरची डिस्क हवी. ‘कुठून’ आणि ‘कुठे’ हे दोनदा वाचा, कारण इमेज परत उतरवताना समोरच्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं.

आता जागेचं. क्लोनझिला सहसा डिस्कचा भरलेला भागच उचलतो आणि तोही दाबून बसवतो. तेच तेच पुन्हा येत असेल तर ‘हे इतक्या वेळा’ एवढंच लिहून भागतं. लिखाणाच्या फायली त्यामुळे छान आटतात. फोटो आणि एमपीथ्री गाणी मात्र आधीच दाबलेली असतात. ती फारशी आटत नाहीत. जागा त्या हिशेबानं ठेवा.

एक गोष्ट इमेजमध्ये येत नाही. काही मराठी सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरच्या मागे कुलूप म्हणून एक छोटा तुकडा लावावा लागे. तो दिसला तर फेकू नका! आणि जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर महत्त्वाच्या मजकुराचे कागदावर प्रिंटही काढून घ्या.

इमेज झाली म्हणजे काम संपलं असं नाही. दुसऱ्या रिकाम्या डिस्कवर, किंवा लॅपटॉपमधल्या आभासी कॉम्प्युटरवर, ती उतरवून एखादं मराठी पत्र उघडून बघा. ‘क’ हा ‘क’ दिसला की जिंकलात. मग जुनी डिस्क नीट पुसून टाका. पासपोर्टच्या प्रती आणि बँकेचे कागद परक्याच्या हाती जायला नकोत.

इमेजच्या प्रती दोन हव्यात, एक इथं आणि एक पुण्याला किंवा नाशिकला भावाकडे. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस आठवतोय ना? आपल्याच अमिरातीत, अल ऐनच्या खत्म अल शकला इथं, चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पडला. वाळवंटातही पाणी घरात शिरू शकतं. आणि हो, जुलैत डिस्क गाडीत ठेवून खरेदीला जाऊ नका.

तेव्हा येत्या शनिवारी कपाट उघडाच. देऊन टाकलेला कॉम्प्युटर परत कसा मागायचा, हे मात्र आम्हांला विचारू नका!